ग्रिडबाहेरची कॉफी : मोखा, दिल्ली दरवाजा, हर्सूल

या मालिकेत आपण किल्ले पाहिले, लेणी पाहिली, नहरी पाहिल्या. आज कॉफी. तीही घरातली किंवा हॉटेलातली नाही. रस्त्यात, मुक्कामावर, जिथे भिंतीत विजेचं बटण नाही अशा ठिकाणी केलेली कॉफी.

इतिहासाच्या व्याख्यानात हे कशाला, असं काहींना वाटेल. त्याचं कारण सांगतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. घर गाडीत घालून फिरणारी मंडळी आता आपल्याकडेही दिसतात. वेरूळ, अजिंठा, लोणार असा फेरा करायचा, रात्री गाडीतच झोपायचं, सकाळी गाडीचं मागचं दार उघडून छोट्या शेगडीवर कॉफी करायची. याला ते ‘ऑफ-ग्रिड’ म्हणतात. म्हणजे विजेच्या जाळ्याबाहेर, स्वतःच्या भरवशावर. छान आहे, मलाही आवडतं. पण या शब्दात एक दावा दडलेला आहे : आपण कुणावर अवलंबून नाही. आज आपल्याला हा दावा इतिहासाच्या कसोटीवर घासून बघायचा आहे. आणि त्यासाठी हर्सूलपेक्षा चांगली जागा नाही. शहराच्या दिल्ली दरवाज्यातून उत्तरेला निघालं की पहिलं गाव हर्सूल. पुढे सावंगी, चौका, फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर आणि तिथून खानदेशात उतरून बुऱ्हाणपूर. दख्खन आणि दिल्ली यांना जोडणारी ही वाट. तिच्यावर तीन-चारशे वर्षं माणसं मुक्काम करत, चूल मांडत गेली आहेत.

मोखाहून खडकीला

सुरुवात या शहराच्या संस्थापकापासून करू. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, हे आपण शाळेत शिकतो. तो हबशी होता, हेही शिकतो. पण तो कुठल्या वाटेने आला ते बघा. जन्म इथियोपियात, १५४८ च्या सुमारास, मूळ नाव चापू. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्रावरच्या येमेनच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली. तिथून बगदाद, तिथे एका व्यापाऱ्याच्या घरी शिक्षण, अंबर हे नाव. आणि मग समुद्रमार्गे दख्खनला, निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी.

आता कॉफीची वाट बघा. झाड मूळचं इथियोपियाचं. पेय म्हणून तिचा वापर पंधराव्या शतकात येमेनमधल्या सूफी मंडळींनी रुजवला, रात्रीच्या जिक्रात जागं राहण्यासाठी. पुढे तिचा व्यापार ज्या बंदरातून जगभर झाला ते बंदर मोखा. इतकं की ‘मोका’ हे नाव आजही कॉफीच्या भांड्याला आणि पेयाला चिकटलेलं आहे. म्हणजे आपल्या शहराचा संस्थापक आणि कॉफी, दोघंही इथियोपियातून निघाले आणि मोखातून गेले. एक माल म्हणून गेली, आणि एक माणूस असून माल म्हणून गेला. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

या दोन वाटा एका माणसाच्या आयुष्यात अक्षरशः एकत्र येतात. पीटर व्हॅन डेन ब्रूक हा डच व्यापारी. १६१४ च्या सुमारास तो मोखाला गेला. गरम आणि काळं असं काहीतरी आपण तिथे प्यायलो, अशा अर्थाची नोंद त्याने करून ठेवली आहे. कॉफी चाखलेल्या पहिल्या डच माणसांत त्याची गणना होते. पुढे १६१७ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची जहाजं निकामी झाली. तेव्हा तो आपल्या माणसांना घेऊन खुष्कीच्या मार्गाने, दख्खन ओलांडून मच्छलीपट्टणकडे निघाला. वाटेत तो कुणाला भेटला? मलिक अंबरला, त्याच्या छावणीत. अंबर मोखाला विकला गेला होता, ही माहिती आपल्यापर्यंत पोचली ती याच माणसाच्या लिखाणातून.

त्याच सुमारास एडवर्ड टेरी नावाचा इंग्रज पाद्री, सर टॉमस रो याच्या वकिलातीबरोबर, जहांगीरच्या दरबाराच्या मागे माळव्यात फिरत होता. त्याने लिहिलं आहे की इथले धर्माने वागणारे लोक दारू पीत नाहीत, ते कॉफी नावाचं पेय पितात. काळी बी पाण्यात उकळून ते करतात, आणि ते पचनाला बरं, मनाला तरतरी आणणारं असतं. म्हणजे दार्जिलिंगला चहाचं झुडूप लागण्याच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी आपल्या रस्त्यांवर कॉफी होती. तेव्हा चहा नवा पाहुणा आहे आणि कॉफी जुनी, असं म्हटलं तर वावगं नाही.

तेवनोची कृती

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. माझ्या मते आजच्या व्हॅनवाल्यांसाठी सगळ्यात उपयोगी माणूस म्हणजे झां द तेवनो. फ्रेंच प्रवासी. १६५५-५६ मध्ये तो इस्तंबूलला होता, तिथे कॉफीच्या नादाला लागला. पॅरिसला परतताना कॉफी घेऊन आला आणि मित्रांना पाजली. पॅरिसमधल्या कॉफीच्या सुरुवातीच्या उल्लेखांपैकी हा एक. हाच तेवनो १६६६ च्या जानेवारीत सुरतेला उतरला, आणि गोवळकोंड्याच्या वाटेवर औरंगाबादला आला. तेव्हा शहराला तट नव्हता. तट आणि दरवाजे नंतर झाले. इथून तो वेरूळची लेणी बघून आला. परतीच्या प्रवासात १६६७ च्या अखेरीस इराणमध्ये वारला. वय अवघं चौतीस.

त्याने लेव्हांटच्या प्रवासवर्णनात तुर्की कॉफीची कृती लिहून ठेवली आहे. ती थोडक्यात अशी. दाणे तव्यावर भाजायचे, बारीक पूड करायची. इब्रिक नावाच्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या भांड्यात पाणी उकळायला ठेवायचं. पाण्याला उकळी आली की पूड टाकायची, तीन पेल्यांना एक भरगच्च चमचा. आता ती फसफसून वर येते. वर आली की भांडं विस्तवावरून उचलायचं. खाली बसली की परत ठेवायचं. असं दहा-बारा वेळा. मग चिनी मातीच्या पेल्यांत ओतायची आणि गरम गरम, घोट घोट घ्यायची. कुणी लवंग-वेलदोडा घालतो, कुणी साखर.

ही कृती नुसती चवीची नाही. उघड्या विस्तवावर कॉफी कशी सांभाळायची, याचं ते शास्त्र आहे. बघा, चूल म्हणजे बटण नसलेली शेगडी. ज्वाळ कमी-जास्त करता येत नाही. कॉफीला पाणी साधारण ९० ते ९६ अंशांचं लागतं. त्याहून थंड असेल तर ती आंबट, पांचट लागते. खळाखळा उकळत राहिली तर कडवट होते. तापमान मोजायचं यंत्र नाही. मग काय करायचं? फेस वर येणं हीच खूण धरायची. फेस वर आला की उचल. विस्तव बदलता येत नाही म्हणून भांडं हलवायचं. दूध उतू जाताना आपण घरात हेच करतो की. म्हणजे आज इलेक्ट्रॉनिक केटली जे काम करते, ते काम माणसाचा हात आणि डोळा करत होता.

दुसरी गोष्ट दाण्यांची. कच्चा, हिरवा दाणा नीट ठेवला तर महिनोन्‌महिने टिकतो. भाजला की काही आठवड्यांत त्याचा वास उतरतो. दळला की काही दिवसांत, खरं तर काही तासांतच, मजा कमी व्हायला लागते. जुने लोक कच्चा दाणा बरोबर घ्यायचे आणि मुक्कामावर भाजायचे. त्यामुळे त्यांची कॉफी ताजी असायची. दळायला पितळेची, हाताने फिरवायची नळकांडी गिरणी किंवा खलबत्ता. तिसरी गोष्ट, गाळण. कागदी फिल्टर ही १९०८ सालची गोष्ट, ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांची. तेवनोच्या कॉफीत गाळणच नाही. गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं प्यायचं. म्हणजे कागद संपला म्हणून कॉफी अडली, हा प्रश्नच नव्हता.

तर विजेशिवाय चांगली कॉफी होते का, या प्रश्नाचं उत्तर इतिहास फार सोपं देतो. कॉफीचा बहुतेक सगळा इतिहास विजेशिवायचाच आहे. यंत्राची कॉफी हा त्यातला अगदी शेवटचा, छोटा अध्याय.

सराई नावाचं जाळं

पण आता खरा मुद्दा. विजेचं जाळं नव्हतं, म्हणजे जाळंच नव्हतं का?

त्या काळचा प्रवासी काय घेऊन निघायचा? बैलांचा रथ किंवा गाडी, वर छत, आत बिछाना. तेवनोने या गाड्यांचं बारकाईने वर्णन केलं आहे. म्हणायला हरकत नाही, त्या काळची कॅम्पर व्हॅनच. पण बैलाला रोज चारा लागतो, पाणी लागतं. माणसाला धान्य, सरपण, पाणी लागतं. हे सगळं कुणी गाडीत भरून नेत नव्हतं. ते वाटेत मिळायचं, आणि मिळायचं ते कुणीतरी आधीच व्यवस्था करून ठेवली होती म्हणून.

पहिली व्यवस्था सराईची. आपल्या याच वाटेवर अजिंठा गावात आणि घाटाखाली फर्दापूरला मुघलकालीन सराया आजही उभ्या आहेत. चौकोनी आवार, चारही बाजूंनी ओवऱ्या, मध्ये अंगण, पाण्याची सोय, भक्कम दरवाजा. निकोलाव मनुची सांगतो की सराईचे दरवाजे संध्याकाळी बंद होत, आणि सकाळी उघडण्याआधी पहारेकरी मोठ्याने ओरडून सांगे की आपापलं सामान तपासून घ्या. कुणाचं काही गेलं असेल तर ते सापडेपर्यंत दार उघडत नसे. आत भटियारे आणि भटियारणी असत. स्वयंपाक करून देणं, खाट टाकणं, पाणी तापवून देणं ही कामं त्यांची. प्रवासी कॉफी ‘करत’ होता असं आपण म्हणतो, पण विस्तव बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी पेटवलेला असायचा.

दुसरी व्यवस्था बंजाऱ्यांची. हजारो बैलांचे तांडे घेऊन धान्य आणि मीठ देशभर फिरवणारे हे लोक. तावेर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांबद्दल लिहिलंय. हे तांडे नसते तर छावण्या उपाशी राहिल्या असत्या. सगळ्यांत जास्त ग्रिडबाहेर राहणारे म्हणावेत तर हेच. आणि तरी सगळ्यांना जोडणारं जाळं म्हणावं तर तेही हेच.

तिसरी व्यवस्था पाण्याची, आणि ती या शहराची खास. मलिक अंबरने उत्तरेच्या डोंगरांतून, हर्सूलच्या अंगाने, जमिनीखालून नहर आणली. नहर-ए-अंबरी. पंप नाही, वीज नाही. नुसत्या उताराच्या जोरावर पाणी शहरात. पुढे पाणचक्कीची नहर झाली. डोंगरातला झरा, तिथून मातीचे नळ, दर्ग्याजवळ उंचावरून पडणारं पाणी, त्याच्यावर फिरणारं चक्र आणि चक्रावर दळणारं जातं. फकीर, यात्रेकरू, मुसाफीर यांच्यासाठी पीठ दळलं जायचं. विजेशिवाय चालणारी गिरणी. पण ती ‘स्वतंत्र’ होती का? मैलोन्‌मैल नळ घालायचे, गाळ काढायचा, गळती बुजवायची, कुणी मध्येच पाणी फोडणार नाही हे बघायचं. ती अनेकांच्या श्रमावर आणि एकमेकांवरच्या विश्वासावर चालत होती. देखभाल थांबली की नहर आटली. नहरींचं दुखणं काय आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही ते रोज बघता.

कॉफीला यातलं सगळ्यांत जास्त काय लागतं? पाणी. पेल्यात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. जड, क्षाराच्या पाण्यात कॉफीची चव दबते, भांड्याला पांढरा थर बसतो. बोअरच्या पाण्यावर कॉफी करून बघा आणि मग हलक्या पाण्यावर करून बघा. एकच दाणा, दोन वेगळी पेयं. म्हणजे चांगल्या कॉफीची पहिली अट यंत्राची नाही, विहीर कुणाची आणि कशी आहे याची आहे.

याच शहराशी संबंधित आणखी एक नाव घेतो. दर्गाह कुली खान. जन्म संगमनेरचा, पुढे औरंगाबादचा सुभेदार झाला. निजामुल्मुल्कबरोबर तो दिल्लीला गेला आणि १७३९-४० च्या आसपासची दिल्ली त्याने लिहून ठेवली. त्यात चांदणी चौकातल्या कहवाखान्यांचा उल्लेख येतो, तिथे शायर जमत, शेर म्हणत. आपल्या दख्खनी माणसाच्या डोळ्यांत भरलं काय? कॉफीची चव नाही, कॉफीभोवती बसलेली माणसं.

बाटलीतली छावणी

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटतं. आता रस्त्यावर इंग्रजी फौजा. आपल्याकडे छावणी म्हणजे कॅन्टोन्मेंट. सैनिकाला भाजत, दळत, फेस बघत बसायला वेळ नाही. मग ग्लासगोच्या पॅटर्सन कंपनीने १८७६ मध्ये ‘कॅम्प कॉफी’ काढली. कॉफी, चिकोरी आणि साखर यांचा दाट काळा अर्क, बाटलीत भरलेला. गरम पाण्यात चमचाभर टाकला की झालं. हिंदुस्थानात लढणाऱ्या गॉर्डन हायलँडर्स पलटणीसाठी ती काढली, असं सांगतात.

त्या बाटलीवरचं चित्र मात्र बघण्यासारखं आहे. तंबूसमोर स्कॉटिश अधिकारी बसलेला, आणि शेजारी तबक घेऊन उभा असलेला शीख सेवक. पुढे काळ बदलला तसं हातातलं तबक गेलं, आणि एकविसाव्या शतकात ते चित्र असं झालं की दोघंही शेजारी शेजारी बसून कॉफी पीत आहेत. एका लेबलावर सव्वाशे वर्षांचा इतिहास. मगाशी मी म्हटलं होतं, माणूस असून माल म्हणून गेला, हे लक्षात ठेवा. मोखाच्या बाजारापासून या लेबलापर्यंत प्रश्न तोच : मुक्कामावरच्या या सुखासाठी उभं कोण राहतं, आणि बसतं कोण?

आपल्याकडचं उदाहरण पोलसनचं. ‘पोलसन लावणे’ म्हणजे लोणी लावणे, खुशामत करणे, हे आपल्या बोलीत आलं. पण पोलसनचा धंदा मुळात मुंबईतला, कॉफी दळून विकण्याचा. पेस्तनजी एडलजी यांनी १८८८ च्या सुमारास सुरू केलेला. चिकोरी मिसळलेली कॉफी, पुढे लष्कराला पुरवठा, लोणी त्यानंतरचं. १९३८ मध्ये नेसकॅफे आली आणि पावडर थेट पाण्यात विरघळायला लागली. सोय प्रचंड झाली. भाजणं, दळणं, गाळणं हे सगळं काम मुक्कामावरून उठून कारखान्यात गेलं. त्याबरोबर वासही बराचसा गेला.

चहा का जिंकला

मग आज हर्सूलच्या टी-पॉइंटवर टपऱ्या चहाच्या का? कॉफी जुनी असून हरली कशी?

किमतीचा भाग आहेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चहावाल्यांनी कारखान्यांत, रेल्वे स्टेशनांवर, पेठांत चहा फुकट पाजून प्रचार केला, हेही खरं. पण एक कारण रस्त्याचंही आहे. सीटीसी पद्धतीचा दाणेदार चहा १९३० च्या दशकापासून आला. तो कसाही उकळा, कुठल्याही पाण्यात उकळा, रॉकेलच्या भपकणाऱ्या स्टोव्हवर उकळा. दूध, साखर, आलं घातलं की तो चहाच लागतो. तो चूक पोटात घालतो. कॉफी घालत नाही. आणि चहा भाजावा लागत नाही, तो कारखान्यातून तयार होऊनच येतो. म्हणून रस्ता चहाचा झाला. कॉफी घरात गेली. जायफळ किसून, वेलदोडा घालून, भरपूर दुधातली. पाहुणा आला, कुणी जागरणाला बसलं, रात्री अभ्यास असला की कॉफी. मुंबईत १९३६ मध्ये कॉफी सेस कमिटीने पहिलं इंडिया कॉफी हाउस काढलं, तेव्हा कुठे ती पुन्हा चारचौघांत आली.

आजची व्हॅन

आता आजच्या गाडीत बसू आणि थोडा हिशोब करू. दोन मोठे पेले कॉफी, म्हणजे अर्धा लिटर पाणी आणि सुमारे तीस ग्रॅम पूड. २५ अंशांचं पाणी ९५ पर्यंत न्यायला लागते सुमारे ४१ वॉट-तास ऊर्जा. गाडीतल्या १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२०० वॉट-तास असतात. म्हणजे साडेतीन टक्के. फार नाही. मग अडचण कुठे येते? घरची केटली १५०० वॉटची असते. ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून चालवायची तर सव्वाशे अँपिअरहून जास्त प्रवाह खेचते. तारा तापतात, छोटा इन्व्हर्टर बंद पडतो. प्रश्न ऊर्जेचा नाही, ती एकदम मागण्याचा आहे. तेच काम गॅसवर केलं तर सहा-सात ग्रॅम गॅस पुरतो. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर अशी सातशेच्या वर खेपा कॉफी होते. फक्त शेगडी बंद गाडीत पेटवायची नाही. दार-खिडकी उघडी हवी, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बाकी सगळं तेवनोचंच. दाणा भाजलेला पण अख्खा न्या, ताजा भाजलेला असेल तर उत्तम. हाताच्या गिरणीत करायच्या वेळी दळा. पाणी घरून, हलकं. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबलात तरी पुरे. इब्रिक असेल तर फेस आला की उचला. दहा-बारा वेळा नको, दोन-तीनदा बास. मोका पॉट असेल तर, हे इटलीतलं १९३३ चं बिआलेत्तीचं भांडं, त्यात पाणी आधीच गरम करून भरा आणि घुरघुर सुरू झाली की लगेच उतरवा. कपडा किंवा स्टीलची बारीक जाळी असेल तर कागद लागत नाही. दक्षिणी पितळी फिल्टर असेल तर तो रात्रीच लावून ठेवा. सकाळी फक्त दूध तापवायचं.

एवढं केलं की चव साधते. पण व्याख्यानाच्या सुरुवातीला घेतलेला दावा अजून शिल्लक आहे. आपण खरंच ग्रिडबाहेर आहोत का?

गाडीच्या टाकीतलं पाणी कुठलं? शहराचं बहुतेक पाणी पैठणच्या जायकवाडीहून, कित्येक किलोमीटर लांबून, विजेच्या पंपांनी चढवून येतं. आणि इथे नळाला ते काही दिवसांआड येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही वीस लिटरचा कॅन भरून निघालात, तर शहराचं जाळं बरोबर घेऊनच निघालात. सिलिंडरमधला गॅस रिफायनरीतून आला. दाणा चिकमगळूरच्या किंवा अरकूच्या डोंगरातून आला; कुणीतरी पिकलेलं फळ हाताने एकेक वेचलं, वाळवलं. सौर पॅनेल आणि बॅटरी कारखान्यातून आली. जाळं गेलेलं नाही. ते फक्त गाडीच्या पत्र्याआड गेलं.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण एक फरक मात्र आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. सराईत उतरणाऱ्या मुसाफिराला आपण कुणावर अवलंबून आहोत ते दिसत होतं. पाणी देणारा समोर होता, भटियारीण समोर होती, पहारेकरी सकाळी ओरडत होता. त्याला त्यांच्याशी बोलावं लागे, मोल द्यावं लागे, कधी भांडावं लागे. आपल्याला ते दिसत नाहीत, म्हणून आपण स्वतंत्र आहोत असा भास होतो. आणि या भासातून माणूस कसा वागतो ते बघा. तलावाकाठी गाडी लावायची, साबणाचं पाणी आणि कॉफीचा चोथा तिथेच ओतायचा, गावातल्या हातपंपावर टाकी भरून घ्यायची आणि निघून जायचं. मार्च ते जून या काळात आपल्या भागात हातपंपाच्या एका हंड्याची किंमत काय असते, हे इथे बसलेल्या बायकांना विचारा.

त्यामुळे माझी सूचना साधी आहे. मुक्काम करणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. पाणी आपलं न्यावं, आणि गावातून घेतलंच तर आधी विचारून घ्यावं, उन्हाळ्यात तर घेऊच नये. चोथा कागदात गुंडाळून परत आणावा किंवा शेतकऱ्याला विचारून उकिरड्यावर टाकावा. तो खतच आहे. आणि कॉफी केली की एक पेला जास्त करावा. शेताच्या बांधावरून बघत उभा असलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणावं. खर्च काय? सव्वातीन ग्रॅम गॅस आणि पंधरा ग्रॅम पूड. त्या बदल्यात तो सांगेल की रात्री गाडी कुठे लावू नये, विहिरीचं पाणी कधी खारट होतं, पलीकडच्या ओढ्याला कधी पूर येतो. सराईच्या काळी ही माहिती पहारेकऱ्याकडे असायची. आजही ती कुणाकडे तरी असतेच, फक्त तिच्यापर्यंत जाणारी वाट गुगल मॅपवर नाही.

मलिक अंबरने नहर आणली ती स्वतःच्या पेल्यापुरती आणली नव्हती. जो मुलगा बाजारात विकला गेला, त्याने पुढे अख्ख्या गावाला पाणी दिलं. या वाटेवरून जाताना आपण कितीही छोटी चूल मांडली, तरी ती अशा कुणाच्या तरी कामावर मांडतो, एवढं ध्यानात असलं की पुरे.

इथे थांबतो. प्रश्न असतील ते घेऊ. पाण्याबद्दलचे आधी.